सव्वाशेचा, साडेतीनशेचा की सातशेचा? ऑइल फिल्टर कोणता घ्यावा

वाचकाचं पत्र:

"सादर नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात शेती करतो. मागच्या वर्षी २०१७ची स्विफ्ट डिझायर डिझेल सेकंडहँड घेतली. वडकीला लागलो की पुढे हायवे चांगला आहे, पण गावचा रस्ता मुरमाचा आणि वावरात जायचं तर पांदणच. आईला दर पंधरवड्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून गाडी भरवशाची पाहिजे. आता ऑइल बदलायचं आहे. गावचे मिस्त्री सव्वाशेचा फिल्टर टाकतात, त्याच्या डब्बीवर कंपनीचं नाव-पत्ता काही नाही. यवतमाळच्या शोरूमवाल्यानं साडेतीनशेचा कंपनीचा सांगितला. पुण्याचा भाचा म्हणतो सातशेचा सिंथेटिक मागवतो, आयुष्यभराची काळजी मिटेल. मिस्त्रींचं म्हणणं असं की फिल्टर एक आड बदलला तरी चालतो, मधल्या वेळी डिझेलमध्ये धुवून बसवू. ऑइल तर टाकल्या-टाकल्या काळं पडते, मग महागडा फिल्टर करतो तरी काय? मिस्त्री वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना दुखवायचं नाही. काय करू?"

भाऊ, नमस्कार.

साडेतीनशेचा घ्या, आणि दर वेळी ऑइलसोबत नवा टाका. धुवून बसवायची गोष्ट डोक्यातून काढून टाका. उत्तर एवढंच आहे, पण तुमच्या पत्रात जे लिहिलेलं नाही त्यातच गाडीचं खरं मरण आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सव्वाशेच्या डब्बीवर नाव-पत्ता नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११च्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. जो माणूस स्वतःचं नाव छापायला तयार नाही, त्याचा कागद तुमच्या इंजिनच्या आणि मातीच्या मधे उभा करायचा नाही.

आता त्या कागदाचं काम काय ते पाहा. तुमच्या डिझायरच्या इंजिनात ऑइल फिल्टर म्हणजे नुसता घड्या घातलेला कागदी गोल असतो, त्याला एलिमेंट म्हणतात. तो प्लास्टिकच्या झाकणाखाली हाउसिंगमध्ये बसतो. पंप इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून ऑइल ओढतो, ते आधी या कागदातून जातं आणि मग क्रँकच्या बेअरिंगला, कॅमला, टायमिंग चेनच्या टेन्शनरला (चेन ताणून धरणाऱ्या भागाला) आणि टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) पोचतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखावर फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. हा थर जिथं सगळ्यात पातळ असतो तिथं काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा, यावरून अंदाज बांधा. इंजिनची जास्त झीज पाच ते वीस मायक्रॉनच्या कणांनी होते. ते डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला लागत नाहीत, आणि थराच्या जाडीएवढेच असल्यामुळं नेमके दोन धातूंच्या मधे अडकून घासतात.

बिननावाचा फिल्टर कापून टेबलावर उलगडला की समजतं तो स्वस्त का आहे. चांगल्या एलिमेंटच्या घड्या एकसारख्या अंतरावर उभ्या असतात आणि दोन्ही टोकांना चिकट मसाल्यात सरळ रुतलेल्या असतात. नकली मालात एका बाजूला घड्या दाटीवाटीनं कोंबलेल्या, तर दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. टोकाचा गोंद कुठं लागलेला, कुठं नाही. नखानं जरा उचकटलं तर कागद टोकापासून सुटून येतो. गरम ऑइलचा दाब आला की तो इंजिनमध्येही तिथूनच सुटणार, आणि एकदा सुटला की ऑइल फटीतून सरळ पलीकडे. फिल्टर आहे की नाही, त्याला काही फरक पडत नाही. कागदाचे तुकडे ऑइलच्या वाटेत गेले तर त्याहून वाईट. गाडी चालवताना यातलं काहीच कळत नाही. कळतं ते वर्ष-दोन वर्षांनी, टर्बो शिट्टी मारायला लागल्यावर किंवा चेनचा आवाज यायला लागल्यावर. तोवर सव्वाशेच्या फिल्टरची आठवणही कुणाला राहत नाही.

भाच्याच्या सातशेच्या फिल्टरबद्दल. भाच्याची तळमळ खरी आहे, आणि सिंथेटिक माध्यम कागदापेक्षा चांगलं असतं हेही खरं. कागदाचे धागे जाड-बारीक, वेडेवाकडे असतात. काचेच्या किंवा पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांचं माध्यम जास्त बारीक कण धरतं, जास्त कचरा साठवतं आणि ऑइलला कमी अडवतं. पण आयुष्यभराची काळजी कोणत्याच फिल्टरनं मिटत नाही. ज्यांची गाडी हायवेवरच जास्त पळते आणि जे ऑइल लांब अंतरावर बदलतात, त्यांना असा फिल्टर उपयोगी. तुम्ही धुळीत चालवता, तुम्हाला ऑइल लवकरच बदलावं लागणार आहे. फिल्टर अर्ध्या वयात काढून फेकायचा असेल तर त्याच्या लांब आयुष्याचे पैसे कशाला द्यायचे? वरचे साडेतीनशे वाचवा. ते कुठं लावायचे ते पुढं सांगतो.

तरी भाच्यानं मागवलाच, तर डब्बीवर एक गोष्ट वाचा. "९९ टक्के गाळतो" असं बरेच जण छापतात. किती मायक्रॉनच्या कणांना ९९ टक्के, हे पुढे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. चाळीस मायक्रॉनचे कण कोणीही पकडेल. चाचणी आयएसओ ४५४८-१२ पद्धतीनं केली आहे असा उल्लेख असेल तर बरं, कारण तीत फिल्टरमधून धूळ मिसळलेलं ऑइल पुन्हा पुन्हा फिरवून मोजमाप घेतात.

शोरूमचाच पाहिजे असंही नाही. बॉश, मान, पुरोलेटर, एलोफिक अशा नावाजलेल्या कंपन्या याच गाड्यांसाठी फिल्टर बनवतात आणि त्यांचा खरा माल चांगला असतो. गाडीच्या कंपन्या स्वतः फिल्टरचा कागद लाटत बसत नाहीत, त्याही अशाच कारखान्यांकडून घेतात. तुम्हाला शोरूमचा सुचवला तो नंबरासाठी. तुमच्या गाडीतलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, मल्टिजेट नावाचं. मारुतीनं, टाटानं आणि खुद्द फियाटनं ते कितीतरी गाड्यांत घातलं. त्यामुळं बाजारात "सगळ्या मल्टिजेटला हाच चालते" असं म्हणून हातात डब्बी देणारे भेटतात. एलिमेंटची उंची चार-पाच मिलिमीटरनं कमी असली तरी झाकण बसतं, गाडी सुरू होते, दिवा विझतो आणि ऑइल एलिमेंटच्या वरून-खालून न गाळता जात राहतं. काउंटरवर आरसीची झेरॉक्स द्या, चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढायला सांगा आणि तो नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा झाला तरी त्या नंबराशी जुळवून घेता येतो.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी अनेकांकडे पेट्रोल वॅगनआर, अल्टो असतील. त्यांचा फिल्टर पत्र्याच्या डब्याचा, फिरवून बसवायचा. कागदासोबत झडपाही त्याच डब्यात असतात. एक रबराची चकती, गाडी बंद झाल्यावर ऑइल मागं उतरू न देणारी. ती कडक झाली की सकाळी स्टार्टरला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, कारण फिल्टर रिकामा होऊन बसलेला असतो. दुसरी बायपास झडप. कागद तुंबला किंवा डिसेंबरातल्या पहाटे ऑइल घट्ट असलं तर ती उघडते आणि न गाळलेलं का होईना, ऑइल इंजिनला पोचवते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक वेगळं असतं, म्हणून "आटा (फिरवून बसवायची चुडी) जुळला म्हणजे फिल्टर जुळला" हे चूक आहे. आट्याचीही एक गोम आहे. २० मिलिमीटरचा मेट्रिक आटा आणि पाऊण इंचाचा आटा डोळ्याला सारखेच दिसतात. मेट्रिक आट्याचा फिल्टर पाऊण इंची बोल्टावर सैल का होईना चढतो, आणि हायवेवर दाब वाढला की सुटून जातो. सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर. डबा वजनाला जड आहे की हलका, यावरून काही ठरत नाही. जाड पत्रा आणि आत भिकार कागद, असाही माल असतो.

आता मिस्त्रींचं म्हणणं. एक आड बदलायची पद्धत कुठून आली ते मला समजतं. ट्रॅक्टरवर हात बसलेल्या पिढीनं जुन्या गाड्यांत धुवायच्या जाळ्या पाहिल्या, एअर क्लीनर तर ऑइलच्या वाटीचाच होता, तो डिझेलनं धुवायचाच असायचा. ते ज्ञान त्या यंत्रांसाठी बरोबर होतं. कागदाच्या एलिमेंटला ते लागू होत नाही. कागदावर रेझिनचा हात दिलेला असतो आणि बारीक कण कागदाच्या पोटात, धाग्यांच्या आत रुतून बसलेले असतात. धुतल्यानं वरचा थर निघतो, आतलं तिथंच राहतं, घड्या मात्र फुगतात आणि टोकाचा गोंद सैल होतो. वर आणखी, बादलीतलं घाण डिझेल कागदाच्या आतल्या, म्हणजे गाळलेल्या बाजूला लागतं. ती घाण पहिल्याच स्टार्टरला थेट बेअरिंगवर जाते. आणि फिल्टर न बदलता नवं ऑइल भरलं तर हाउसिंगमध्ये उरलेलं जुनं ऑइल त्या नव्यात मिसळतंच. तीन-साडेतीन लिटर चांगलं ऑइल विकत घ्यायचं आणि साडेतीनशेपायी ते पहिल्याच दिवशी बाटवायचं, हा हिशेब शेतकऱ्याला तरी पटू नये.

ऑइल काळं पडण्याची भीती मात्र पूर्ण सोडून द्या. डिझेल जळताना काजळी होते, तिचे कण मायक्रॉनच्याही भागातले असतात. पिठाच्या चाळणीतून धूर अडवता येत नाही, तसे ते कोणत्याही फिल्टरमधून पार होतात, सव्वाशेच्याही आणि सातशेच्याही. त्यांना एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या रसायनांचं काम आहे. ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणजे ते रसायन काम करत आहे. रंगावरून ऑइल बदलू नका. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची: डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत चोळल्यावर खरखरीत लागलं, उन्हात धरल्यावर चंदेरी चकाकी दिसली, किंवा रंग दुधाच्या चहासारखा झाला. खरखर म्हणजे माती. चकाकी म्हणजे धातूचा चुरा. चहाचा रंग म्हणजे पाणी मिसळलं. तिन्हीत गाडी आधी जाणत्या माणसाला दाखवा.

तुमच्या ऑइलमध्ये माती येते कुठून? भाऊ, या पत्रात मला तुम्हाला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हे. तुम्ही ऑइल फिल्टरबद्दल एवढं विचारलं, एअर फिल्टरचं नावही काढलं नाही. तुमचं इंजिन २००० फेऱ्यांवर चालत असताना मिनिटाला बाराशे लिटरच्या आसपास हवा ओढतं, टर्बोनं दाबली की त्याहून जास्त. ती हवा कुठली? मार्च ते जून मुरमाच्या रस्त्यावरची, पुढं ट्रॅक्टर असला तर घोटाभर फुफाट्याची. ऑक्टोबरात गंजीशेजारी थ्रेशर सुरू असलं की सोयाबीनच्या भुशाची. पांदणीत उन्हाळवाहीची माती उडते ती वेगळीच. मुरमातली सिलिका पोलादाहूनही कडक असते. एअर फिल्टरमधून किंवा त्याच्या फाटक्या रबरातून ती आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते आणि मग रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल फिल्टरची पाळी येते ती त्यानंतर. सिलिंडर घासून झाल्यावर कण पकडून काय उपयोग? धूळ दारातच अडवायची असेल तर ती एअर फिल्टरवर. वाचवलेले साडेतीनशे इथं लावायचे.

एअर फिल्टर काढा आणि उजेडासमोर धरा. आतून बल्ब लावून पाहिलं तर कुठं भोक असेल ते लगेच दिसतं. फिल्टर निघाल्यावर डब्याच्या आतल्या बाजूला, इंजिनकडं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवा. तिथं बोटाला लाल-तपकिरी धूळ लागली तर फिल्टर गळतो आहे किंवा त्याचं रबर नीट बसत नाही. मग फिल्टर नुसता बदलून भागायचं नाही, डब्याच्या क्लिपा आणि पाइपाचे क्लँपही पाहावे लागतील. पंक्चरच्या दुकानात फिल्टरवर हवा मारून घेण्याची सवय सगळ्यांनाच आहे. मारायचीच तर आतून बाहेर, नळी हातभर दूर धरून, कमी दाबानं. पूर्ण दाबाची हवा जवळून मारली की कागदाला सुईएवढी भोकं पडतात, फिल्टर चकाचक दिसतो आणि गाळत काही नाही. माझा सल्ला असा की हवा मारण्याचा नादच सोडा, उन्हाळा संपताना आणि सोयाबीन निघाल्यावर, असा वर्षातून दोनदा नवा टाका. हिंगणघाट-वणीकडं जिनिंगशेजारी गाडी उभी राहत असेल तर एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि रेडिएटरच्या जाळीत रुई अडकते, तीही काढून घेत जा.

किती किलोमीटरला बदलायचं? गाडीच्या पुस्तिकेत दोन तक्ते असतात. एक सर्वसाधारण वापराचा, आणि एक खडतर वापराचा: धूळ, खराब रस्ता, जवळच्या जवळ चालवणं. तुम्ही दुसऱ्यात बसता. पुस्तिका हाताशी नसेल तर ५,००० ते ७,५०० किलोमीटरच्या मधे, किंवा वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर बदला. वर्षाची अट सोडू नका. महिनोन्‌महिने दारात उभ्या असलेल्या गाडीचंही ऑइल खराब होतं. तुमची गाडी सेकंडहँड आहे, आधीच्या मालकानं काय टाकलं कोणास ठाऊक. म्हणून आता बदलाच, आणि पुढचा बदल दोन-तीन हजारांवरच करून घ्या. नवं ऑइल आत जुना गाळ असेल तर तो सोडवतं, आणि तो सगळा या पहिल्या फिल्टरमध्ये जमतो. या एका वेळेस खर्च दुप्पट होईल, तो होऊ द्या. या इंजिनची चेन ऑइलच्या दाबावर ताणून धरलेली असते, खराब ऑइलचा फटका तिला आधी बसतो.

आता बसवणं. चांगला फिल्टर चुकीचा बसवला तर बिननावाचा बरा म्हणायची वेळ येते. हाउसिंग उघडण्याआधी त्याच्या भोवती साचलेली माती ब्रशनं आणि फडक्यानं पूर्ण काढून घ्या. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या काळ्या मातीचा थर तिथं सिमेंटसारखा बसलेला असतो, आणि झाकण फिरवताना त्याचा एक तुकडा जरी आत पडला तरी तो गाळलेल्या बाजूला जातो. एलिमेंट निघाल्यावर आत टॉर्च मारा, जुन्या कागदाचा तुकडा राहिला का पाहा. हाउसिंगमध्ये कापसाचा बोळा फिरवू नका, त्याचे धागे सुटतात. धुतलेलं सुती फडकं घ्या.

मग झाकणाची ओ-रिंग. ही काळी रबरी रिंग नव्या एलिमेंटच्या डब्बीतच येते, आणि खेड्यापाड्यातल्या गॅरेजात ती सगळ्यात जास्त वेळा डब्बीतच राहून जाते. जुनी रिंग गरम ऑइलमध्ये वर्षभर शिजून चपटी झालेली असते. ती तशीच ठेवली की झाकण गळतं, मग मिस्त्री ते आणखी आवळतात आणि प्लास्टिकचं झाकण तडकतं. जुनी रिंग काढा, खाच पुसा, नवी रिंग त्याच खाचेत बसवा, तिला नव्या ऑइलचं बोट लावा. झाकणावर बहुतेक वेळा किती आवळायचं त्याचा आकडा कोरलेला असतो, न्यूटन-मीटरमध्ये, अनेक गाड्यांत २५च्या आसपास. टॉर्क पान्हा (ठरावीक जोरानं आवळायचा) नसेल तर साधा पान्हा मनगटाच्या जोरानं, झाकण टेकून थांबेपर्यंत. खांद्याचा जोर लावायचा नाही. पत्र्याच्या डब्याच्या फिल्टरचा नियम वेगळा: जुना गॅस्केट (तोंडावरची रबरी रिंग) इंजिनला चिकटून राहिला नाही ना ते आधी बोटानं चाचपायचं, नव्याला ऑइल लावायचं, टेकेपर्यंत हातानं फिरवायचा आणि मग पाऊण फेरा. जुन्यावर नवा गॅस्केट चढला तर फिल्टर बसलेला दिसतो, पण गाडी तापली की ऑइलची धार लागते.

ऑइल भरल्यावर गाडी सुरू करा आणि ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. फिल्टर भरेपर्यंत नेहमीपेक्षा क्षणभर जास्त लागेल, ते चालतं. दिवा तसाच राहिला तर लगेच बंद करा. टर्बोला ऑइल पोचायच्या आत रेस दिली तर तेवढ्यातच त्याची झीज होते. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून झाकणाभोवती टॉर्चनं पाहा, मग बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पाहा. गाडी सपाट जागी उभी असू द्या. आंगणाला उतार असेल तर माप चुकतं.

विकत घेताना बिल मागा. बिल देणारा दुकानदार सहसा नकली माल ठेवत नाही, आणि ठेवलाच तर तुमच्या हातात कागद असतो. सील तुटलेलं नसावं, एमआरपीचं स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेलं नसावं, क्यूआर कोड असेल तर तिथंच स्कॅन करून पाहा. शंका आली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. एकदम दोन फिल्टर घेऊन घरी ठेवा. यवतमाळचा फेरा वाचेल, आणि घाईच्या वेळी मिळेल ते टाकण्याची वेळ येणार नाही. पुठ्ठ्याच्या डब्बीतच, कपाटात ठेवा. बंड्यात खताच्या पोत्याजवळ नको.

जुनं ऑइल धुऱ्यावर ओतू नका, विहिरीच्या आसपास तर अजिबात नाही. खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते चोपडायची जुनी पद्धत आहे, पण ते ऑइल पावसाबरोबर मातीत उतरतं आणि पाण्यात जातं. कॅनमध्ये भरून शहरातल्या मोठ्या गॅरेजला द्या, ते पुनर्वापरवाल्याकडं पोचवतात. जुना एलिमेंट त्याच कॅनवर रात्रभर निथळत ठेवून मग सोबत द्या.

आणि मिस्त्री. त्यांना वगळून यवतमाळच्या शोरूमला जायची काही गरज नाही. सेवाग्रामला निघताना पहाटे गाडी सुरू झाली नाही तर धावून येणार आहेत ते तेच. फिल्टर, ऑइल, एअर फिल्टर तुम्ही आणा, मजुरी मात्र त्यांची पूर्ण द्या. त्यांना त्या सव्वाशेच्या फिल्टरवर जे दहा-वीस रुपये सुटत असतील तेही मजुरीत धरून द्या. बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथंच अडलेली असते आणि उघड कोणी बोलत नाही. "तुमचा फिल्टर वाईट" असं म्हणायचं कारणच नाही. "काका, शोरूमवाल्यानं चेसिस नंबरावरून हाच काढून दिला, तुमच्याच हातानं बसवा" एवढं म्हणा. तुमच्याकडचा एखादा जुना सव्वाशेचा फिल्टर आणि नवा, दोन्ही त्यांच्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवा आणि घड्या बोटानं उघडून त्यांनाच पाहू द्या. आयुष्यभर इंजिनं उघडलेल्या माणसाला घड्यांमधली फट दाखवून द्यावी लागत नाही. काम सुरू असताना जवळ उभे राहा, टॉर्च तुम्ही धरा, आणि डब्बीतून एलिमेंट काढून त्यांच्या हाती देताना ओ-रिंगही सोबत द्या.